विषुवदिनाचा वेध : खोडद, उज्जैन आणि जयपूर

आकाशातील वस्तू कुठे आहे हे मोजणे आणि ती तिथे केव्हा आली हे नोंदवणे या दोन गोष्टी निरीक्षकाला वेगळ्या काढता येत नाहीत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाशातला प्रत्येक कोन वेळेबरोबर बदलतो आणि वेळ चुकली की जागाही चुकते. हे काम आपल्या देशात दगडाच्या भिंतींनी कसे केले आणि आज ते कसे चालते, हे एकाच प्रवासात पाहावे असा विचार बरेच दिवस मनात होता. २० मार्च २०२५ रोजी वसंत संपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जाण्याचा विषुवदिन होता. त्या दिवशी दुपारी उज्जैनच्या वेधशाळेत असायचे, हे आधी ठरले आणि बाकीचा मार्ग त्याभोवती आखला. माझ्याबरोबर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही होते. त्यांनी दीड मिलिमीटरचे छिद्र पाडलेला पितळी पत्रा, एक मीटर उंचीची तिवई, ओळंबा, पाणपातळी आणि पोलादी मोजपट्टी असे साहित्य गाडीत घेतले होते.

१८ मार्च : खोडद

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला पोहोचल्यावर उजवीकडे वळून खोडदला, म्हणजे जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी, जाता येते. परवानगी आधीच घेतलेली होती. प्रवेशापाशीच मोबाइल बंद करावे लागतात आणि ते योग्यच आहे. दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या मानाने खिशातला फोन हा फार मोठा गोंगाट असतो.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. दोन टोकांच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. जवळून पाहिल्यावर थाळीचा पृष्ठभाग भरीव नसून बारीक पोलादी तारांची जाळी असल्याचे दिसते. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते.

मोजमापाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र थाळीत नाही, तो मध्यवर्ती इमारतीत आहे. आकाशातील एखाद्या स्रोताकडून निघालेली लहर सर्व अँटेनांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. जी अँटेना स्रोताच्या दिशेने किंचित जवळ आहे तिच्यावर ती आधी येते. २५ किलोमीटरच्या अंतराला हा फरक जास्तीत जास्त सुमारे ८३ मायक्रोसेकंद होतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सतत बदलत राहतो. प्रकाशीय तंतूंवरून आलेले सर्व संकेत हा फरक भरून काढून एकमेकांशी जुळवले म्हणजे तीस थाळ्या मिळून एका अवाढव्य दुर्बिणीचे काम करतात. २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर या पद्धतीने सुमारे दोन विकलांपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. इथे कोन मोजायचे साधनच मुळी वेळ आहे, ही गोष्ट पुढच्या प्रवासात मला वारंवार आठवत राहिली.

खोडदचे दुसरे मोठे काम पल्सारांच्या ठोक्यांची नोंद ठेवण्याचे आहे. फिरता फिरता ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारा हा तारा प्रथम १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडला. त्याचा आवर्तनकाल सुमारे १.३४ सेकंद होता. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला. तो शोधणाऱ्यांत तेव्हा विद्यार्थी असलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, आणि त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा आहे. अशा पल्सारचा ठोका केव्हा आला हे नुसते घड्याळात पाहून लिहिले तर ती नोंद निरुपयोगी ठरते, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी त्या ताऱ्याकडे सरकते, कधी दूर जाते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला सुमारे ४९९ सेकंद लागतात, तेवढ्या प्रमाणात ठोका लवकर किंवा उशिरा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक नोंद सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून घेतली असती तर किती वेळ आली असती, अशी बदलून घेतात. शिवाय वाटेतल्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. तो विलंब मोजण्यासाठी खोडदची दुर्बीण विशेष उपयोगी पडते. अनेक पल्सारांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र ठेवून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचे जून २०२३ मध्ये जगभरातील गटांनी जाहीर केले. त्यात खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गटही होता.

बाहेर पडताना माझे स्नेही म्हणाले, "अहो, आम्ही शेताची हद्द मोजताना साखळी ताणायचो, हे लोक सेकंद ताणतात." त्या वाक्यात मला काही अतिशयोक्ती वाटली नाही.

१९ मार्च : रस्ता

मुक्काम धुळ्याला होता. तिथून सेंधव्याचा घाट, खलघाटला नर्मदा आणि इंदूर करत संध्याकाळी उज्जैन गाठले. रात्री तिवई उभी करून ओळंब्याने पत्र्यातल्या छिद्राच्या बरोबर खालचा बिंदू कागदावर घेण्याचा सराव केला. छिद्राची उंची बरोबर १००० मिलिमीटर आहे, याची खात्री स्नेह्यांनी पुन्हापुन्हा करून घेतली.

२० मार्च : उज्जैन

शिप्रेच्या काठी, शहराच्या दक्षिणेला जयपूर वसवणाऱ्या राजा सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे असताना ती बांधली गेली. पुढे तिची पडझड झाली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गणिती ज्योतिषी गोविंद सदाशिव आपटे इथे अधीक्षक होते. ही वेधशाळा नुसते स्मारक म्हणून उरलेली नाही. इथून ग्रहस्थितीचे पंचांग दरवर्षी प्रसिद्ध होते आणि यंत्रे वापरून दाखवणारी माणसे अजून आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

जुन्या भारतीय ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत लंका, अवंती (म्हणजे उज्जैन) आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानली आहे. ग्रहांची मध्यम स्थिती त्या रेषेसाठी काढून इतर गावांना देशांतराचा संस्कार, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतराची दुरुस्ती, द्यायचा, अशी रीत होती. म्हणजे आज ग्रीनिचला जे स्थान आहे, ते भारतीय गणितात उज्जैनला होते.

सकाळी आम्ही नाडीवलय यंत्रापाशी उभे राहिलो. हे दंडगोल विषुववृत्ताच्या पातळीला समांतर कलते बांधलेले आहे. त्याच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन तबकड्यांच्या मध्यभागी एकेक खुंटी आहे. सूर्य दक्षिण गोलार्धात असतो ते सहा महिने दक्षिणेच्या तबकडीवर ऊन पडते, उरलेले सहा महिने उत्तरेच्या. विषुवदिनी सूर्य नेमका तबकडीच्या पातळीत येतो आणि किरण दोन्ही बाजूंना घासून जातात. त्या दिवशी संपाताचा क्षण दुपारी २ वाजून ३१ मिनिटांचा होता. सकाळी दक्षिणेच्या तबकडीवर अगदी तिरपे, फिकट ऊन होते. चुन्याच्या पृष्ठभागावरचा कणन्‌कण स्वतःची लांब सावली टाकत होता. दुपारी तीननंतर ते ऊनही गेले. दक्षिणेचा पृष्ठभाग काळसर दिसू लागला आणि उत्तरेच्या कडेवर एक बारीक उजळ रेघ आल्यासारखी वाटली. सूर्याचे बिंब अर्धा अंश रुंद असते, त्यामुळे या यंत्रावरून संपाताचा क्षण मिनिटाच्या हिशेबात ठरवता येणार नाही. दिवस मात्र निर्विवाद ठरतो.

शेजारी शंकू यंत्र आहे. क्षितिजसमांतर गोल ओट्याच्या मध्ये उभा शंकू आणि ओट्यावर वर्षातल्या निरनिराळ्या दिवसांच्या सावलीच्या रेषा, अशी त्याची रचना आहे. इतर दिवशी सावलीचे टोक वक्र रेषेवरून सरकते, विषुवदिनी ते सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. ते टोक तासन्‌तास एकाच सरळ रेषेवर राहिलेले आम्ही पाहिले. ज्यांना पृथ्वीचा अक्ष, विषुववृत्ताचे प्रतल हे शब्द पाठ आहेत पण डोळ्यांसमोर येत नाहीत, त्यांनी एकदा तरी हे पाहावे.

विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळे शंकूची सावली म्हणजे त्या गावाची पलभा. पंचांगात लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) आणि दिनमान काढणाऱ्यांच्या पिढ्या हा एक आकडा घेऊन चालल्या, कारण त्यात गावाचा अक्षांश सामावलेला असतो. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कला आहे. त्यावरून पलभा ५ अंगुळे आणि वर सुमारे ८ व्यंगुळे (अंगुळाचे साठावे भाग) येते.

मात्र सावलीच्या टोकाला एक दोष आहे आणि माझे स्नेही मुख्यतः त्यासाठीच पितळी पत्रा घेऊन आले होते. सूर्य बिंदू नाही. सावलीचा गडद भाग जिथे संपतो तिथून पाहिले, तर बिंबाची वरची कडाच शंकूच्या माथ्याला लागलेली असते. बिंबाच्या मध्याऐवजी कडेची उंची मोजली जाते आणि अक्षांश सुमारे १६ कलांनी कमी येतो. जमिनीवर ही चूक तीस किलोमीटरच्या आसपास जाते. छिद्रातून पडणारा कवडसा वापरला की हा प्रश्न सुटतो. कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते आणि तिचा मध्य काढता येतो.

उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला आहे. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंशांची असल्यामुळे इथला मध्यान्ह सुमारे २७ मिनिटे उशिरा होतो. त्यात त्या दिवशीचे काल समीकरण, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची सारख्या गतीची वेळ यांतला फरक, सुमारे साडेसात मिनिटांचे होते. सूर्य वर्षभर सारख्या गतीने चालत नाही आणि तो क्रांतिवृत्तावरून, म्हणजे आकाशातल्या त्याच्या वार्षिक मार्गावरून, तिरका जातो, म्हणून ही दुरुस्ती लागते. दोन्ही मिळवून मध्यान्ह १२ वाजून ३४ मिनिटांनी येत होता. कवडसा साधारण एक सेंटिमीटर रुंदीचा, उत्तर-दक्षिण किंचित लांबट होता. आम्ही सव्वाबारापासून त्याच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खुणा करत गेलो. मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे काही मिनिटे सूर्याची उंची जवळजवळ बदलत नाही, म्हणून उंची मोजणाऱ्याला घड्याळातली थोडी चूक माफ असते. उलट वेळ मोजणाऱ्याने मध्यान्हाच्या उंचीवर मुळीच विसंबू नये. त्याने सकाळची आणि दुपारची सारखी उंची घेऊन मधला क्षण काढावा. शंकूभोवती वर्तुळ काढून सावली त्यात शिरताना आणि बाहेर पडताना खुणा करायची सिद्धान्तग्रंथांतली दिक्साधनाची, म्हणजे दिशा ठरवण्याची, रीत याच तत्त्वावर उभी आहे.

ओळंब्याच्या बिंदूपासून कवडशाच्या मध्याचे अंतर ४२८ मिलिमीटर भरले. त्यावरून नतांश, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याचा कोन, २३ अंश १० कला आला. संपाताला अजून दोन तास होते, म्हणजे सूर्याची क्रांती, विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, दक्षिणेला सुमारे २ कला होती. ती वजा करून अक्षांश २३ अंश ८ कला निघाला. खऱ्या आकड्याहून तो ३ कलांनी कमी होता. आमच्या साधनावर ३ कला म्हणजे एक मिलिमीटर.

त्याच मध्यान्ही दक्षिणोत्तर भित्तीवर वेधशाळेच्या माणसाने खुंटीची सावली अंशांकित कमानीवर दाखवली. ही भिंत यामोत्तर वृत्तात, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेत, उभी आहे आणि दिवसातून एकदाच, ठीक मध्यान्ही, उपयोगाची आहे. दिगंश यंत्रही पाहिले. दिगंश (क्षितिजावरची दिशा) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) या दोन कोनांवरच खोडदच्या थाळ्या फिरतात. फरक इतकाच, की तिथे मोटारी ते कोन सतत बदलत ठेवतात.

२१ मार्च : डोंगला

उज्जैनहून उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर महिदपूर तालुक्यात डोंगला नावाचे गाव आहे. कर्कवृत्त इथून जाते. भीमबेटकाची शैलचित्रे उजेडात आणणारे उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ही जागा शोधली होती. आता इथे दुर्बीण असलेली वेधशाळा आहे.

उज्जैन कर्कवृत्तावर आहे असे सर्रास लिहिले जाते. ते स्थूल मानानेच खरे आहे. आज कर्कवृत्त २३ अंश २६ कलांवर आहे, म्हणजे उज्जैनच्या १५ कला उत्तरेला. क्रांतिवृत्ताचा तिरकसपणा शतकाला सुमारे ४७ विकलांनी कमी होत आहे, त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी साडेचौदा मीटरच्या आसपास दक्षिणेला सरकते. सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी ते आजच्याहून उत्तरेला होते, उज्जैनपासून अधिक दूर. पूर्वी कर्कवृत्त उज्जैनवरून जायचे आणि आता ते डोंगल्याला गेले, ही समजूत म्हणून उलटी आहे. या शहराचा ज्योतिषातला मान त्याच्या विद्येमुळे आहे, त्यासाठी भूगोल ओढूनताणून बसवण्याची गरज नाही.

संध्याकाळी कोट्याला मुक्काम केला.

२२ मार्च : जयपूर

जयपूरचा रेखांश ७५ अंश ४९ कला आहे. उज्जैनपेक्षा तो फक्त तीन कलांनी जास्त आहे, म्हणजे दोन्ही शहरांच्या मध्यान्हात जेमतेम बारा सेकंदांचा फरक पडतो. ही दोन्ही ठिकाणे एकाच यामोत्तर रेषेवर आहेत असे धरून चालता येते, आणि म्हणूनच कवडशाची मोजणी इथे पुन्हा करायची होती.

१७३४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या इथल्या जंतरमंतरला २०१० मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, वर्तुळांचे मध्य सरकतात आणि कलांच्या खुणा त्यांवर मावत नाहीत, असे कारण जयसिंहाने मुहम्मदशाही कोष्टकांच्या प्रस्तावनेत दिले आहे. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे चुना आणि दगड. बृहत्सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर, जयपूरच्या अक्षांशाइतक्या सुमारे २७ अंशांवर चढत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना विषुववृत्ताला समांतर अशा वक्र कमानी आहेत. कमानीची त्रिज्या १५ मीटरांहून थोडी जास्त आहे. त्यावरून हिशेब केला तर सावली सेकंदाला सुमारे १.१ मिलिमीटर सरकते. संगमरवरावर खूण करून पाहिली आणि मिनिटाभरात ती चार बोटे पुढे गेलेली दिसली. पृथ्वीचे फिरणे नुसत्या डोळ्यांनी असे क्वचितच कुठे दिसत असेल.

मोजपट्टीवर दोन सेकंदांच्या खुणा आहेत. पण एवढ्या दुरून पडलेल्या सावलीची कडा धूसर असते. सूर्याचे बिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे १५ मीटरवर उपच्छायेचा, म्हणजे कडेच्या अर्धवट सावलीचा, पट्टा सुमारे १४ सेंटिमीटर, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक वेळाचा होतो. यंत्र मोठे केले की खुणा मोठ्या होतात, पण त्याच प्रमाणात धूसरपणाही वाढतो. इथेच निरीक्षकाचे कौशल्य कामी येते. पहारेकऱ्याची परवानगी घेऊन स्नेह्यांनी एक ताणलेला दोरा भिंतीच्या कडेला समांतर, संगमरवरापासून बोटभर वर धरला. जवळ असल्यामुळे दोऱ्याची सावली रेखीव पडते. तो उपच्छायेतून हळूहळू आत सरकवत नेला की एका जागी त्याची सावली नाहीशी होते. तिथे सूर्यबिंबाची शेवटची कडा भिंतीआड गेलेली असते. त्या वाचनाला बिंबाच्या अर्ध्या व्यासाची, म्हणजे एका मिनिटाहून किंचित जास्त, दुरुस्ती दिली की खरी सौर वेळ मिळते. घड्याळात ११ वाजून ५ मिनिटे झाली असताना गणिताने १० वाजून साधारण साडेएकतीस मिनिटे यायला हवी होती. दोऱ्याने घेतलेले वाचन त्याच्या दहा-बारा सेकंदांच्या आत आले. आजची पट्टी जयसिंहाच्या वेळची नाही, ती १९०१ नंतर गॅरेट आणि पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या दुरुस्तीची आहे, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

सम्राट यंत्राच्या पोटात षष्ठांश यंत्राची अंधारी खोली आहे. छतातल्या छिद्रातून मध्यान्ही सूर्याची प्रतिमा साठ अंशांच्या कमानीवर पडते. आमच्या पितळी पत्र्याचेच हे थोर रूप, पण त्रिज्या सुमारे २८ फूट. प्रतिमा तिथे आठ सेंटिमीटरची होते आणि एक कला अडीच मिलिमीटरची. तो भाग पर्यटकांना उघडा नसतो, तरी सबंध जंतरमंतरात सर्वांत नेमके वाचन देणारी जागा तीच असावी असे मला वाटते.

जयसिंहाने १७२७ मध्ये पोर्तुगालला विद्वानांचे एक मंडळ पाठवले होते. तिथून आलेली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हीर यांची कोष्टके त्याने स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला. युरोपातून आले म्हणून त्याने ते मान्य केले नाही, हे मला त्याच्या दगडी यंत्रांइतकेच महत्त्वाचे वाटते. मात्र १७२९ मध्ये इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली यांनी ताऱ्यांचे वर्षभरातले सुमारे २० विकलांचे सरकणे प्रसिद्ध केले. ते त्यांना बारीक मोजमापाची सोय असलेल्या दुर्बिणीने दिसले होते. सम्राट यंत्रावरचे दोन सेकंद म्हणजे ३० विकला. ब्रॅडली यांना जे मिळाले ते जयपूरच्या सर्वांत बारीक खुणेच्याही आत दडलेले होते. जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या, त्यांतून त्याच्या लोकांनी गुरूचे चंद्र आणि शुक्राच्या कला पाहिल्याही होत्या. पण कोन मोजण्याचे काम त्याने उघड्या डोळ्यांवरच ठेवले.

मध्यान्ह सुमारे साडेतेहतीस मिनिटे उशिराने, १२ वाजून ३३ मिनिटांनंतर होता. आम्ही मुक्कामाच्या गच्चीवर तिवई लावली. कवडशाचा मध्य ४९१ मिलिमीटरवर आला, नतांश २६ अंश ९ कला. संपात होऊन ४६ तास झाले होते. सूर्याची क्रांती या दिवसांत तासाला सुमारे एक कला वाढते, म्हणून उत्तर क्रांती ४५ कला धरून अक्षांश २६ अंश ५४ कला निघाला. नकाशातला आकडा २६ अंश ५५ कला आहे.

२३ मार्च : परतीच्या वाटेवर

गाडीत हिशेब केला. दोन अक्षांशांतला फरक ३ अंश ४६ कला. दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे ४१५ किलोमीटर घेतले. प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तमधली सायीन आणि अलेक्झांड्रिया ही दोन गावे घेऊन पृथ्वीचा परीघ काढायला जे केले तेच इथे केले, तर पृथ्वीचा परीघ ३९,७०० किलोमीटरच्या आसपास आला. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

माझे स्नेही त्या एक टक्क्याहून कमी फरकावर समाधानी नव्हते. त्यांच्या मते उज्जैनला ओट्याच्या उतारामुळे ओळंब्याचा बिंदू मिलिमीटरभर सरकला असावा. येत्या २३ सप्टेंबरच्या आसपास ते तिवईची उंची तीन मीटर करून, खाली समतल काच ठेवून हीच दोन वाचने पुन्हा घेणार आहेत. फक्त तोपर्यंत माळव्यातला पाऊस उघडलेला असायला हवा.